फाटकाआडचा डोंगर

बालमित्रांनो,

या आठवड्याची भटकंती सुरू करण्याआधी एक पत्र वाचून दाखवतो. सहावीतल्या एका मैत्रिणीचं आहे. ‘नाव छापू नका, वर्गात चिडवतील’ असं तिनं खाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, तेव्हा नाव आपलं आपल्यापाशीच! ती लिहिते :

‘काका, फेब्रुवारीत बाबांचं कोचीला काम होतं, म्हणून आम्ही सगळेच गेलो. तिथून मुद्दाम मुन्नारला गेलो, कारण मला निलगिरी ताहर बघायचा होता. प्रकल्पाच्या वहीत मी त्याचं चित्रसुद्धा काढलं होतं. पण एरविकुलम राष्ट्रीय उद्यान बंद! का, तर म्हणे ताहरांना पिल्लं व्हायचे दिवस आहेत. आम्ही काय पिल्लांना खाणार होतो? माणसांनी बघायचंच नाही, तर त्याला उद्यान कशाला म्हणायचं? आमच्या कॉलनीतल्या उद्यानात निदान घसरगुंडी तरी आहे!’

पत्र वाचून मी आधी खो खो हसलो आणि मग गप्प झालो. कारण मुलांनो, एक गुपित सांगू का? काही वर्षांपूर्वी याच फाटकावरनं तुमचा हा भटक्या काकाही हात हलवत परत आलेला आहे. तोही एकटा नाही, भाचा आणि भाची दोघांना बरोबर घेऊन! दोघांची तोंडं एवढी एवढीशी झाली होती. चूक माझीच होती. निघण्याआधी साधी चौकशीही केली नव्हती. वर आणखी फाटकावरच्या रखवालदाराला मी गळ घालत होतो, ‘अहो, महाराष्ट्रातून आलोय, मुलं लहान आहेत, दहा मिनिटं तरी सोडा.’ तो शांतपणे म्हणाला, ‘हंगाम संपला की या.’ आता आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं.

तेव्हा आज आपण एरविकुलमलाच जाऊ या. मैत्रिणीचा प्रश्न मात्र खिशात ठेवायचा, विसरायचा नाही. उत्तर वाटेत सापडतं का बघू!

चला, सह्याद्रीच्या खालच्या टोकाकडे

भूगोलाचा नकाशा उघडा. तापी नदीच्या दक्षिणेला आपला सह्याद्री सुरू होतो. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक करत करत तो केरळ-तमिळनाडूत उतरतो आणि थेट कन्याकुमारीजवळ जाऊन थांबतो. सगळी मिळून साधारण १६०० किलोमीटरची रांग. म्हणजे कळसूबाई आणि एरविकुलम ही एकाच घराण्यातली माणसं, बरं का! फक्त एक वरच्या आळीत राहतं, एक खालच्या.

उंचीत मात्र खालच्या आळीनं बाजी मारलीय. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. मुन्नार हे चहाच्या मळ्यांचं गावच मुळी जवळपास पंधराशे मीटरवर वसलंय. म्हणजे तिथली मुलं शाळेत जातात तीच आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या थोडंसं खालून! आणि एरविकुलम उद्यानातलं अनमुडी शिखर आहे तब्बल २६९५ मीटर. दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. ‘अना’ म्हणजे हत्ती. लांबून पाहिलं की खरोखरच एखादा प्रचंड हत्ती मान खाली घालून उभा आहे आणि त्याचं गंडस्थळ तेवढं ढगातून वर आलंय असं वाटतं.

आमचा भाचा आठव्या वर्षी कळसूबाई चढलेला गडी. ‘मामा, अनमुडी पण चढायचं!’ असं तो गाडीत बसल्यापासून घोकत होता. पहिल्या खेपेला फाटकच बंद. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी चौकशी करून, हो!

मुंबईहून कोकण रेल्वेनं एर्नाकुलम गाठायचं. कोचीचंच हे स्टेशन. तिथून मुन्नार साधारण १३० किलोमीटर, शेवटचा टप्पा घाटरस्ता. पोटात ढवळत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा. मुन्नारपासून उद्यान पंधराएक किलोमीटरवर. फाटकाशी आपली गाडी सोडायची आणि वनखात्याच्या बसनं वर राजमलाला जायचं. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, जणू कुणी डोंगराला हिरव्या रंगाचा स्वेटर विणून घातलाय! आणि मग अचानक मळे संपतात. गवत सुरू होतं.

गवताचा डोंगर आणि घडीतलं रान

राजमलाला उतरलो आणि पहिलं काय दिसलं? काहीच नाही! धुकं. पांढरंशुभ्र, ओलं, गार. भाचीनं हात पुढे केला तर तिची बोटंसुद्धा पुसट दिसायला लागली. मग वारा आला, पडदा सरकल्यासारखं धुकं बाजूला झालं आणि समोर डोंगरच डोंगर! त्यांच्या अंगाखांद्यावर नुसतं गवत, आणि दोन डोंगरांच्या मधल्या घडीत तेवढं गच्च काळंभोर रान.

‘वर झाडं का नाहीत? कुणी तोडली?’ भाचीनं विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता, पण इथली झाडं कुणी तोडलेली नाहीत. ही या उंचावरच्या डोंगरांची मूळचीच ठेवण आहे. उघड्या माथ्यावर वारा सोसाट्याचा. हिवाळ्याच्या रात्री थंडी इतकी की दव गोठून गवतावर पांढरा थर बसतो. मोठ्या झाडांची कोवळी रोपं तिथं तग धरत नाहीत, गवत धरतं. झाडं आपली घळीत, ओलाव्याला, एकमेकांना चिकटून उभी राहतात. या रानाला तिथं ‘शोला’ म्हणतात. झाडं बुटकी, वाकडीतिकडी, अंगभर शेवाळाचे कपडे घातलेली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हे गवत आणि शोला मिळून एक मोठा थोरला स्पंज आहे. पावसाचं आणि धुक्याचं पाणी तो शोषून घेतो आणि वर्षभर थेंब थेंब सोडतो. त्यातून ओढे निघतात. काही ओढ्यांचं पाणी पश्चिमेला पेरियार नदीत जातं, तर काहींचं पूर्वेला, तमिळनाडूत, थेट कावेरीत! आता सांगा, खाली शेतात भात लावणाऱ्या माणसानं हा डोंगर आयुष्यात कधी पाहिला नसेल. पण त्याच्या ताटातल्या भाताशी या डोंगराचं नातं आहे की नाही?

कड्यावरची शेळी... की मेंढी?

आम्ही डांबरी वाटेनं चालू लागलो. पाहुण्यांना पायी फिरायला मिळते ती वाट अशी जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरची. भाच्याचा चेहरा पडला. ‘एवढंच? आणि अनमुडी?’

अनमुडीवर चढायला आपल्याला मोकळीक नाही. उद्यान ९७ चौरस किलोमीटरचं, पण पाहुण्यांसाठी त्याचा हा छोटासा कोपराच उघडा. बाकी सगळं बंद. हे ऐकल्यावर आमचा गडी वाटेच्या कठड्यावर फुरंगटून बसला. त्यानं दप्तरातून बिस्किटांचा पुडा काढला आणि फोडला.

कागदाची कुरकुर झाली आणि कठड्यापलीकडून एक डोकं वर आलं!

मागे वळलेली दोन शिंगं, तपकिरी केस, आणि काळेभोर, शांत डोळे. निलगिरी ताहर! आमच्यापासून जेमतेम सहा-सात हातांवर. मागून आणखी एक, मग तिसरा. त्यातला एक नर चांगला धिप्पाड, अंगानं काळपट, आणि पाठीवर रुपेरी पट्टा, जणू कुणी खोगीर घातलंय. म्हातारे नर असे दिसतात. चांगला पोसलेला नर शंभर किलोपर्यंत भरतो.

तमिळ भाषेत याला ‘वरैयाडू’ म्हणतात. वरै म्हणजे कडा आणि आडू म्हणजे शेळी. कड्यावरची शेळी! नाव अगदी सार्थ. जिथं आपण खाली वाकून बघायलाही घाबरू, तिथं हे महाराज निवांत रवंथ करत बसतात. खुरांची कड टणक आणि आतला भाग रबरासारखा, त्यामुळे खडकावर पाय घट्ट बसतो. बिबट्या किंवा जंगली कुत्री मागे लागली की ताहर सरळ कड्यावर पळतो. तिथं त्याचा हात धरणारा कुणी नाही.

पण गंमत अशी की, ही शेळी शेळी नाहीच! पूर्वी शास्त्रज्ञ निलगिरी ताहराला हिमालयातल्या ताहराचा सख्खा भाऊ समजत. २००५ साली आनुवंशिक तपासणी झाली आणि कळलं की हा तर मेंढ्यांना जास्त जवळचा आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र आडनाव देऊन टाकलं. मैत्रिणी, प्रकल्पाच्या वहीत हे जरूर लिही. बाई खूश होतील!

एका बिस्किटाची गोष्ट

तर, ताहर समोर उभा. भाच्याचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यानं हळूच एक बिस्किट काढलं आणि हात पुढे केला. ताहरानं मान लांबवली. मी? मी मूर्खासारखा कॅमेरा काढत होतो. खरं तर हात धरायला हवा होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी आलं आणि भाच्याचा हात मनगटाशी धरून अलगद खाली केला. वनखात्याचा पहारेकरी होता तो. मुतुवान समाजाचा. हे आदिवासी लोक पिढ्यान् पिढ्या याच डोंगरांत राहतात आणि उद्यान सांभाळायच्या कामात त्यांचा मोठा हात आहे. तो रागावला नाही, ओरडला नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, ‘बिस्किट तुझं, तू खा. गवत त्याचं.’

मग तो आमच्याशेजारी बसला आणि बोलू लागला. अर्धं हिंदी, अर्ध्या खुणा. माणसाच्या हातचं खायची चटक लागली की ताहर कडा सोडून रस्त्यावर येतो, म्हणाला. मग गाडीखाली सापडतो. खाऊबरोबर प्लास्टिकचा कागदही गिळतो आणि पोटात गुंता होऊन मरतो. आणि ज्यानं हात लावू दिला, तो चांगल्या माणसालाही लावू देतो आणि वाईट माणसालाही.

‘पण फेब्रुवारीत आत का नाही सोडलं?’ भाच्यानं तोंडातल्या बिस्किटासह विचारलं.

पहारेकऱ्यानं दोन्ही हातांचा पाळणा केला आणि हलवून दाखवला. बस्स, एवढंच.

मुलांनो, आपल्या घरात बाळंतीण असली की आजी काय करते? खोलीचं दार लोटून घेते. ‘हळू बोला रे, बाळ झोपलंय,’ म्हणून दटावते. सव्वा महिना पाहुण्यांची वर्दळ नको म्हणते. आपल्याला बाळ बघायची कितीही घाई असो, आजीपुढे कुणाचं चालतं का? ताहरांची बहुतेक पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला जन्मतात. म्हणून साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यानाचं दार लोटलेलं असतं. एका वेळी एकच पिल्लू. त्यातलीही कितीतरी पहिल्या वर्षातच दगावतात. अशा वेळी बसगाड्या आणि आरडाओरडा यांनी आई बिथरली, तर कड्यावर पिल्लाचं काय व्हायचं?

आणि जगात ताहर आहेत तरी किती? २०२५ साली केरळ आणि तमिळनाडूनं मिळून शिरगणती केली. दोन्ही राज्यांत मिळून अडीच हजारांहून थोडे जास्त भरले. त्यांतले आठशेच्या वर एकट्या एरविकुलममध्ये. या दोन राज्यांबाहेर रानात तो कुठंच नाही. म्हणजे जगातले सगळे रानातले निलगिरी ताहर एकत्र बोलावले, तर एखाद्या मोठ्या शाळेच्या पटाएवढे होतील! अशा शाळेत नवा वर्ग येणार असेल, तर दोन महिने दार लावून घेणं जास्त आहे का, तुम्हीच सांगा.

बंद दारामागे काय आहे?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. दार लावायची पद्धत या डोंगरावर जुनीच आहे. पण पूर्वी ते लावायचं कारण निराळं होतं. इंग्रजांच्या काळात चहामळेवाल्या साहेबांनी हे रान राखलं ते स्वतःच्या शिकारीसाठी! पुढे १९७१ साली कायदा होऊन केरळ सरकारनं ही जमीन ताब्यात घेतली. १९७५ साली इथं अभयारण्य झालं आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. म्हणजे आधी दार बंद होतं ते काही माणसांच्या चैनीसाठी, आता बंद असतं ते जनावरांसाठी. कडी तीच, पण केवढा फरक!

आता अनमुडीकडे वळू. भाच्याचा हट्ट आठवतोय ना? त्या शिखराच्या परिसरात २०१० साली शास्त्रज्ञांनी जगाला एका नव्या बेडकाची ओळख करून दिली. नारिंगी-लाल रंगाचा, झळझळीत, एवढासा! तोवर विज्ञानाला त्याचा पत्ताही नव्हता. तिथल्या इवल्याशा जागेतच तो राहतो. त्या जागेवर रोज शेकडो जोडी बूट नाचले असते, तर? कदाचित ओळख व्हायच्या आधीच तो नाहीसा झाला असता, आणि कुणाला कळलंही नसतं.

हे ऐकल्यावर भाचा बराच वेळ ढगातल्या त्या गंडस्थळाकडे बघत राहिला. ‘मग मी कळसूबाईच पुन्हा चढेन,’ असं म्हणाला. त्याला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलंच. परत येताना बसथांब्याजवळ एक छोटा मुलगा ताहराला चिवडा दाखवत होता. आमचा गडी त्याच्याजवळ गेला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण चिवड्याची पिशवी खिशात गेली एवढं मी पाहिलं.

बारा वर्षांचं निळं वचन

एक फूल सांगायचं राहिलंच. नीलकुरिंजी! इथल्या गवतात ही झुडपं असतात. अकरा वर्षं नुसती हिरवी. बाराव्या वर्षी सगळी एकदम फुलतात आणि डोंगर निळाजांभळा होऊन जातो. मग बी धरतं आणि झुडपं मरतात. १९९४, २००६, २०१८ अशी ही वर्षं. २०१८ साली मात्र ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, रस्ते वाहून गेले आणि कितीतरी लोकांना फुलं बघायला पोचताच आलं नाही. कुरिंजी मात्र ठरल्या वर्षी फुलली, कुणी बघायला असो वा नसो!

पुढचा बहर २०३० साली. बोटं मोजा बघू, तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?

आणि आपल्याकडची कारवी माहीत आहे ना? ती या कुरिंजीची चुलतबहीण! सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी तीही अशीच एकदम फुलते. युनेस्कोनं २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात एरविकुलम आहे आणि आपलं कास पठार, कोयना, चांदोली, राधानगरीसुद्धा. मी म्हटलं नव्हतं, एकच घराणं म्हणून?

तर, पत्रलेखिके मैत्रिणी, तुझा प्रश्न आता खिशातून काढू. ‘माणसांनी बघायचंच नाही, तर उद्यान कशाला म्हणायचं?’ तुझा राग खोटा नाही. एवढ्या लांबून जाऊन परत फिरणं सोपं नसतं, मला ठाऊक आहे. पण कॉलनीतलं उद्यान आपल्यासाठी केलेलं असतं, घसरगुंडीसकट. हे उद्यान ज्यांचं आहे, ते आपल्याला वर्षातले दहा महिने पाहुणे म्हणून येऊ देतात. तू गेलीस तेव्हा आत कुठंतरी एखादं पिल्लू पहिल्यांदा पायांवर उभं राहत असेल. तू परत फिरलीस, म्हणून त्याला शांतता मिळाली. तुला ताहर दिसला नाही हे खरं, पण त्याच्या उपयोगी मात्र तू नक्की पडलीस. पुढच्या दिवाळीत जा. ते पिल्लू तोवर कड्यावर उड्या मारत असेल.

आई-बाबांसाठी दोन शब्द : निघण्यापूर्वी उद्यान उघडं आहे का, याची खात्री करून घ्या. गरम कपडे, रेनकोट आणि घट्ट पकडीचे बूट हवेतच. पावसाळ्यात जळवाही असतात. त्या ओढून काढू नका, मीठ लावलं की सुटतात. धुक्यामुळे काही दिसलं नाही तर वनखात्याच्या माणसांवर चिडू नका. आणि माझ्यासारखी ‘दहा मिनिटं तरी सोडा’ अशी गळ तर मुळीच घालू नका. मुलं बघत असतात!

या आठवड्याचा उद्योग : घराच्या आसपास एखादं घरटं शोधा. गॅलरीतल्या कुंडीत असेल, नाहीतर शाळेच्या आंब्यावर. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. आठ दिवस लांबूनच बघायचं आणि काय काय दिसलं ते वहीत लिहून मला पाठवायचं. आणि आजी-आजोबांना विचारा, कारवीचा बहर त्यांनी कधी पाहिला होता? साल आठवत असेल तर तेही लिहा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू, नव्या वाटेवर!

तुमचा,
भटक्या काका